वाचकांचे प्रश्न : बेसबॉलमधील कॅचरची कारकीर्द

अमेरिकेतील बेसबॉलची तोंडओळख करून देणारा लेख या मासिकात प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांत बऱ्याच वाचकांनी होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेमागे, उकिडव्या बसणाऱ्या कॅचरविषयीच विचारणा केली आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : कॅचर म्हणजे क्रिकेटमधला यष्टिरक्षकच ना? चेंडू अडवायचा आणि पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, परत टाकायचा, एवढेच त्याचे काम दिसते. मग जाणकार त्याला इतके महत्त्व का देतात?

उत्तर : साम्य आहे, पण ते बसण्याच्या जागेपुरतेच. यष्टिरक्षक गोलंदाजाने ठरवलेला चेंडू घेतो. कॅचर मात्र कोणता चेंडू टाकायचा आणि तो कोठे टाकायचा हे बहुतेक वेळा स्वतः सुचवतो, आणि पिचरला ते पटले नाही तर तो मान हलवून दुसरा इशारा मागतो. एका सामन्यात एका संघाचे पिचर मिळून साधारण दीडशे चेंडू टाकतात, म्हणजे हा निर्णय कॅचरला एका संध्याकाळी जवळजवळ दीडशे वेळा घ्यावा लागतो. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या, 26 खेळाडूंच्या संघात 13 पर्यंत पिचर असू शकतात. त्यांपैकी कोणाचा स्लायडर आज वळत नाही, कोणाचा फास्टबॉल सहाव्या इनिंगनंतर (सामन्याच्या नऊ डावांपैकी सहाव्या) उंच जाऊ लागतो, कोणाला धीर द्यावा लागतो आणि कोणाला थोडे डिवचले की तो नेटाने टाकतो, हे सारे कॅचरला माहीत असावे लागते. शिवाय मैदानावरच्या नऊ क्षेत्ररक्षकांपैकी आठ जणांचे तोंड होम प्लेटकडे असते, तर संपूर्ण मैदान समोर दिसणारा कॅचर हा एकटाच.

8 ऑक्टोबर 1956 रोजी न्यूयॉर्क यांकीजच्या डॉन लार्सनने ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीच्या, पाचव्या सामन्यात एकाही फलंदाजाला बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यावर, पोहोचू दिले नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा परिपूर्ण सामना दुसऱ्या कोणालाही टाकता आलेला नाही. त्या दिवशी लार्सनने 97 चेंडू टाकले आणि संघाचा कॅचर योगी बेराने मागितलेला चेंडू आपण एकदाही नाकारला नाही, असे तो पुढे सांगत असे. विक्रमांच्या पुस्तकात नाव लार्सनचे आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या 97 चेंडूंमागचा विचार बेराचा होता, हे लक्षात ठेवल्याशिवाय कॅचरची कारकीर्द समजणार नाही. बॉस्टनचा जेसन व्हॅरिटेक आणि फिलाडेल्फियाचा कार्लोस रुईझ यांनी प्रत्येकी चार ‘नो-हिटर’ सामन्यांत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट (फटका मारून बेस गाठणे) मिळाली नाही अशा सामन्यांत, कॅचरची जबाबदारी सांभाळली. असे सामने लोकांना पिचरच्या नावाने आठवतात.

आता ‘अडवणे’ या कामाकडे जरा जवळून पाहावे. जमिनीवर आपटणारा चेंडू कॅचर झेलायला जात नाही. तो दोन्ही गुडघे खाली टाकतो, मिट (जाड हातमोजा) दोन्ही पायांमधल्या फटीत ठेवतो, हनुवटी छातीला टेकवतो आणि खांदे पुढे वाकवून छातीचा खोलगट आकार करतो, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने आलेला चेंडू छातीवरच्या पॅडवर आदळून दूर न उडता समोरच पडतो. चेंडू पाहून घाबरलेले शरीर आपोआप मान वळवते. ती न वळवण्याची सवय लागायला वर्षे जातात, कारण मान वळली की गळ्याची आणि कानामागची उघडी बाजू चेंडूसमोर येते.

रनर, म्हणजे बेसवर पोहोचलेला फलंदाज, पहिल्या बेसवरून दुसरा बेस चोरायला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता तिकडे धावायला, निघाला की हिशेब सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यांवर येतो. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसचे अंतर जवळजवळ 39 मीटर आहे. चेंडू मिटमध्ये पडल्यापासून तो दुसऱ्या बेसवरच्या सहकाऱ्याच्या ग्लव्हमध्ये पोहोचेपर्यंत मेजर लीगच्या कॅचरला सरासरी दोन सेकंद लागतात, आणि फिलाडेल्फियाच्या जे. टी. रियलम्यूटोसारखा निष्णात खेळाडू हे काम सुमारे 1.9 सेकंदांत करतो. ही बचत दंडाच्या ताकदीपेक्षा पावलांतून आणि मिटमधला चेंडू उजव्या हातात घेण्याच्या सफाईतून होते. 2023 मध्ये बेसचा आकार 15 इंचांवरून 18 इंच करण्यात आला आणि पिचरने रनरला रोखण्यासाठी बेसवर चेंडू टाकण्याच्या प्रयत्नांवर मर्यादा आली. त्याचा परिणाम असा झाला की 2022 मध्ये 2,486 वेळा बेस चोरले गेले होते, तो आकडा 2023 मध्ये 3,503 वर गेला. नियम बदलला आणि त्याचा सर्वांत मोठा भार कॅचरच्या हातावर पडला.

प्रश्न : मेजर लीगमध्ये कॅचर होण्याचा मार्ग कसा असतो? पैसे किती मिळतात?

उत्तर : अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांतले खेळाडू वार्षिक ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतून, निवडले जातात, 2021 पासून या ड्राफ्टच्या 20 फेऱ्या असतात. पोर्तो रिको ड्राफ्टमध्येच मोडते, पण व्हेनेझुएला, डॉमिनिकन प्रजासत्ताक अशा देशांतील मुले साधारण सोळाव्या-सतराव्या वर्षी थेट करार करतात. त्यानंतर मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या स्पर्धांच्या, पायऱ्या चढाव्या लागतात, आणि कॅचरला त्या चढायला इतरांपेक्षा जास्त काळ लागतो, कारण त्याला फलंदाजीबरोबर हा दुसरा, अधिक अवघड धंदाही शिकायचा असतो.

लहानपणापासून कॅचर असणाराच पुढे येतो असे मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात पहिल्या वर्षी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, होता; त्याला नंतर कॅचर करण्यात आले आणि 2008 च्या ड्राफ्टमध्ये तो पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. यांकीजचा होर्हे पोसाडा मायनर लीगमध्ये सेकंड बेसवरून होम प्लेटमागे आला. उलटही घडते. क्युरासाओचा केन्ली जॅन्सन मायनर लीगमध्ये कॅचर होता. त्याची फलंदाजी पुरेशी नव्हती, पण दंडाची ताकद विलक्षण होती, म्हणून 2009 मध्ये त्याला पिचर करण्यात आले आणि तो सामन्याच्या शेवटच्या इनिंगचा नामांकित पिचर झाला.

माइक पियाझाची गोष्ट तर सर्वांना माहीत असावी अशी आहे. 1988 च्या ड्राफ्टमध्ये तो 62 व्या फेरीत, 1,390 व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि तीही कौटुंबिक स्नेहापोटी झालेली निवड होती. कॅचर व्हायची तयारी दाखवल्यावर त्याला करार मिळाला. पुढे त्याने कारकिर्दीत 427 होम रन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारे फटके) मारले, त्यांतले 396 कॅचर म्हणून खेळताना, आणि 2016 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान-यादीत, गेला.

पैशांबाबत दोन टोके आहेत. 2023 मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा सर्वांत खालच्या पातळीवर वर्षाला 19,800 डॉलर आणि मेजर लीगच्या उंबरठ्यावरच्या ट्रिपल-ए पातळीवर 35,800 डॉलर असे किमान वेतन ठरले. मेजर लीगचे किमान वेतन 2026 सालासाठी 7 लाख 80 हजार डॉलर आहे. पण पहिली तीन वर्षे बहुतेकांना किमान वेतनाच्या आसपासच समाधान मानावे लागते, त्यानंतर वेतनासाठी लवादाकडे जाता येते, आणि कोणत्याही संघाशी करार करण्याचे स्वातंत्र्य सहा वर्षांच्या सेवेनंतर मिळते. कॅचरच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक मोठा अन्याय दडलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो उशिरा वर येतो, म्हणून स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्याने तिशी गाठलेली असते, आणि तोवर त्याचे गुडघे सर्वांत कमी वेतनाच्या वर्षांत झिजून गेलेले असतात.

प्रश्न : रोज इतका वेळ उकिडवे बसून शरीराचे काय होत असेल? ही कारकीर्द किती वर्षे चालते?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येणार नाही, कारण गुडघ्यांपेक्षाही अधिक धोका डोक्याला असतो, आणि तो धोका अनेक वर्षे कोणी गांभीर्याने घेतलाच नव्हता.

आधी साहित्याचा इतिहास पाहू. सुरुवातीच्या काळात कॅचर उघड्या चेहऱ्याने आणि जवळजवळ उघड्या हातांनी, फलंदाजापासून बराच मागे उभा राहत असे. हार्वर्डच्या फ्रेड थेयरने 1870 च्या दशकात जाळीचा मुखवटा तयार केला आणि कॅचर पुढे सरकला. 1907 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या रॉजर ब्रेस्नाहनने नडग्यांवर पॅड बांधले, तेव्हा त्याची चेष्टा झाली; काही वर्षांतच ते सर्वांनी स्वीकारले. 1976 मध्ये डॉजर्सचा स्टीव्ह यीगर आपल्या फलंदाजीची वाट पाहत उभा असताना सहकाऱ्याच्या तुटलेल्या बॅटचा तुकडा त्याच्या गळ्यात घुसला. तो वाचला, आणि मुखवट्याखाली लोंबणारी गळ्याची पट्टी त्यानंतर वापरात आली. प्रत्येक कवचामागे कोणाची तरी दुखापत आहे.

सिनसिनाटी रेड्सचा जॉनी बेंच उजवा हात पाठीमागे लपवून एका हाताने चेंडू झेलू लागला, आणि फलंदाजाच्या बॅटला निसटता लागून आलेल्या चेंडूने बोटे मोडण्याचे प्रमाण त्या पद्धतीमुळे कमी झाले. बेंचने 1968 ते 1980 अशी सलग 13 वर्षे प्रत्येक हंगामात शंभराहून अधिक सामन्यांत कॅचरचे काम केले, पण अखेरच्या तीन हंगामांत तो बहुतांशी पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर दिसला आणि पस्तिसाव्या वर्षी थांबला. दुसऱ्या टोकाला इव्हान रॉड्रिगेझ आहे. तो 1991 मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी टेक्सास रेंजर्सकडून आला, 2011 पर्यंत खेळला आणि कॅचर म्हणून 2,427 सामन्यांचा विक्रम त्याच्या नावावर आहे. त्याच्यासारखे शरीर लाखात एखाद्याला मिळते, म्हणून त्याच्यावरून अंदाज बांधणे चुकीचे ठरेल.

मिनेसोटा ट्विन्सच्या जो मॉअरचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीचे विजेतेपद, म्हणजे हंगामातली सर्वोच्च सरासरी, मिळवणारा तो पहिला कॅचर, आणि ते त्याने 2006, 2008 आणि 2009 असे तीनदा मिळवले. त्याच्याशी आठ वर्षांचा 18 कोटी 40 लाख डॉलरचा करार झाला, जो 2011 पासून लागू होता. ऑगस्ट 2013 मध्ये बॅटला लागून आलेले चेंडू मुखवट्यावर आदळून त्याच्या मेंदूला धक्का बसला. मुखवटा शाबूत होता. आत डोके हलले होते. पुढच्या हंगामापासून तो पहिल्या बेसवर गेला. 30 सप्टेंबर 2018 रोजी, शेवटच्या सामन्यात, नवव्या इनिंगला त्याने पुन्हा कॅचरचे सगळे साहित्य अंगावर चढवले, एक चेंडू घेतला आणि टाळ्यांच्या गजरात मैदान सोडले. 2024 मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली.

पोझीचा पाय 25 मे 2011 रोजी होम प्लेटवर रनर अंगावर येऊन आदळल्यामुळे मोडला आणि घोट्याचे स्नायुबंधही फाटले. पुढच्याच वर्षी 0.336 च्या सरासरीने (म्हणजे दर हजार प्रयत्नांत 336 हिट) तो नॅशनल लीग या दुसऱ्या विभागाचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला, आणि 2014 पासून कॅचरला जाणूनबुजून धडक देण्यास मनाई करणारा नियम आला. तो फार आधी यायला हवा होता. चौतिसाव्या वर्षी, 2021 मध्ये, 0.304 ची सरासरी आणि 107 सामने जिंकणारा संघ सोडून पोझी निवृत्त झाला तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. मला त्यात शहाणपण दिसते.

प्रश्न : डावखुरा कॅचर का दिसत नाही?

उत्तर : डाव्या हाताने फलंदाजी करणारे पुष्कळ आहेत, डाव्या हाताने चेंडू फेकणारे मात्र नाहीत. तिसऱ्या बेसकडे फेकताना त्यांना अंग जास्त वळवावे लागते, आणि बहुसंख्य फलंदाज उजव्या हाताचे असल्याने दुसऱ्या बेसकडे फेकताना फलंदाज आड येतो, अशी कारणे सांगितली जातात. ती अगदीच खोटी नाहीत, पण निर्णायकही नाहीत. डाव्या हाताने जोरात फेकणाऱ्या मुलाला प्रशिक्षक लहानपणीच पिचर करतात, हे खरे कारण असावे. एकोणिसाव्या शतकात जॅक क्लेमेंट्सने डाव्या हाताने हजारापेक्षा जास्त सामने कॅचर म्हणून खेळून दाखवले होते. अगदी अलीकडच्या काळात, 1989 मध्ये, पिट्सबर्गच्या बेनी डिस्टेफानोने तीन सामन्यांत हे काम केले.

प्रश्न : आता स्ट्राइक (ठरलेल्या चौकटीतून गेलेला चेंडू) की बॉल (चौकटीबाहेरचा चेंडू) हे यंत्र ठरवणार असे वाचले. मग कॅचरच्या कौशल्याला काय किंमत उरणार?

उत्तर : प्रश्नाचा रोख ‘फ्रेमिंग’कडे आहे. स्ट्राइकच्या चौकटीच्या काठावर आलेला चेंडू घेताना कॅचर मिट आधीच खाली नेतो आणि चेंडू येताच हलकेच वर, आतल्या बाजूला आणून स्थिर ठेवतो, म्हणजे अंपायरला तो चौकटीतलाच वाटतो. चेंडूचा मार्ग मोजणारे कॅमेरे 2007 च्या सुमारास सर्व मैदानांवर आले, आणि त्यांच्या नोंदींतून अभ्यासकांनी दाखवून दिले की एका हंगामात हे कौशल्य संघाच्या कितीतरी धावा वाचवते. होझे मोलिनासारखा फलंदाजीत सामान्य खेळाडू संघांना का हवा असतो, याचा उलगडा तेव्हा झाला. गेल्या काही वर्षांत एक गुडघा जमिनीवर टेकवून बसण्याची पद्धत रूढ झाली तीही खालचे चेंडू चांगले घेता यावेत म्हणून.

2026 च्या हंगामापासून लागू करण्यासाठी सप्टेंबर 2025 मध्ये मंजूर झालेली व्यवस्था मात्र सर्व चेंडू यंत्राकडे सोपवत नाही. अंपायरच निर्णय देतो. फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचर हे तिघेच त्याला आव्हान देऊ शकतात, प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हाने मिळतात आणि आव्हान बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते. आव्हान लगेच, डगआउटकडे (संघाच्या बाकांकडे) न बघता, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात मारून द्यायचे असते. चेंडू सर्वांत जवळून पाहणारा कॅचर असल्यामुळे ही जबाबदारी मुख्यतः त्याच्यावरच येते. अंपायरची नजर फसवण्याइतकेच स्वतःची नजर न फसू देणेही आता त्याला जमले पाहिजे, आणि मला हा बदल खेळाच्या दृष्टीने न्याय्य वाटतो.

प्रश्न : सर्वश्रेष्ठ कॅचर कोण?

उत्तर : जिंकलेल्या स्पर्धा मोजल्या तर बेरा, खेळाडू म्हणून दहा वर्ल्ड सिरीज जिंकण्याचा त्याचा विक्रम कोणाला मोडता येईल असे वाटत नाही. सर्वांगीण खेळ पाहिला तर मी बेंचचे नाव घेईन. पण या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर जॉश गिब्सनचे नाव घेतल्याशिवाय देता येत नाही. तो कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला मेजर लीगचे दार बंद होते. निग्रो लीगमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांत, होमस्टेड ग्रेज संघाकडून खेळलेला हा विलक्षण फलंदाज जानेवारी 1947 मध्ये, अवघ्या 35 व्या वर्षी वारला, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी वर्णभेदाची ही बंदी मोडून जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. 2024 मध्ये निग्रो लीगच्या नोंदी मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत समाविष्ट झाल्यावर गिब्सनची 0.372 ही सरासरी टाय कॉबच्या 0.367 च्या वर, सर्वकालीन यादीत पहिल्या स्थानी आली. नोंद दुरुस्त झाली. गेलेली वर्षे त्याला परत मिळाली नाहीत.

प्रश्न : निवृत्तीनंतर हे खेळाडू काय करतात?

उत्तर : त्यांतले अनेक जण संघाचे व्यवस्थापक, म्हणजे सामन्यातले डावपेच ठरवणारे मुख्य प्रशिक्षक, होतात, आणि हा योगायोग नाही. पंधरा वर्षे दररोज पिचर सांभाळणे, प्रतिस्पर्ध्यांच्या सवयी पाठ करणे आणि थकलेल्या माणसाला एक इनिंग अधिक टाकायला लावणे हे व्यवस्थापनाचेच शिक्षण आहे. यांकीजला चार विजेतेपदे मिळवून देणाऱ्या जो टॉरीने कारकिर्दीची सुरुवात कॅचर म्हणून केली होती. ब्रूस बोची नऊ हंगामांत चारशे सामनेही खेळला नव्हता, बहुतेक काळ राखीव कॅचर म्हणून बाकावरच होता. व्यवस्थापक म्हणून त्याने 2010, 2012 आणि 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आणि 2023 मध्ये टेक्सासला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. सेंट लुईस कार्डिनल्ससाठी 19 हंगाम खेळलेला यादिएर मोलिना 2022 मध्ये निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये पोर्तो रिकोचा व्यवस्थापक होता. पोझी तर 2024 पासून आपल्या जुन्या संघाचे संपूर्ण बेसबॉल कामकाज पाहतो.

स्टीफन व्होटची वाटचाल मला या सर्वांत विशेष आवडते. मेजर लीगमधल्या पहिल्या 32 प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळाली नव्हती, आणि अखेर मिळाली ती होम रनच होती. दशकभर अनेक संघांत फिरल्यानंतर 2022 मध्ये तो ओकलंडकडून खेळून थांबला, 2024 च्या हंगामापासून क्लीव्हलँडचा व्यवस्थापक झाला आणि पहिल्या दोन्ही वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम व्यवस्थापक ठरला. त्याच्या फलंदाजीच्या आकड्यांवरून हे भाकीत कोणीही केले नसते. त्याने ज्यांचे चेंडू झेलले, त्या पिचरना विचारले असते तर कदाचित त्यांनी सांगितले असते.